प्रकरण ७ : रेल्वे स्वस्त, तरी माल ट्रकनेच का?

१. व्यापाऱ्याचा प्रश्न

लातूरच्या डाळ मिलमधली तूरडाळ दक्षिणेत जाते, सोयाबीनची पेंड बंदराकडे जाते, अर्धापूरची केळी उत्तरेच्या बाजारात जातात. यातला बहुतेक माल ट्रकने जातो. लातूरला ब्रॉडगेज आहे, नांदेड तर रेल्वेच्या एका विभागाचे मुख्यालय आहे. टनामागे भाडे पाहिले तर रेल्वे ट्रकपेक्षा स्वस्त. तरीही आडत दुकानासमोर ट्रकच का उभा राहतो, हा प्रश्न या भागात कोणीही विचारतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : सरकारने रेल्वेच्या भाड्यात अनुदान दिले, तर माल रस्त्यावरून रुळावर येईल का?

हा प्रश्न फक्त आपल्या दोन जिल्ह्यांचा नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातल्या मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा ८५ टक्क्यांच्या वर होता. आज तो ३० टक्क्यांच्या आत आला आहे. राष्ट्रीय रेल्वे योजनेत २०३० पर्यंत तो ४५ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले आहे. ते कसे जमेल, हे समजून घ्यायचे तर आधी भाडे, मग रेक, मग मालधक्का आणि शेवटी अनुदान, या क्रमाने जावे लागेल.

२. लातूरच्या पाण्याचे बिल

रेल्वे किती स्वस्त, याचा हिशेब लातूरकरांच्या घरात आलेल्या एका मालावरून करता येतो. तो माल म्हणजे पाणी. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळाने होरपळलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली. तिला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली आणि एका खेपेत सुमारे २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. दहा हजार लिटरच्या टँकरने तेवढे पाणी आणायचे म्हटले, तर अडीचशे टँकर लागले असते.

मे महिन्यात रेल्वेने जिल्हा प्रशासनाला सुमारे चार कोटी रुपयांचे बिल पाठवले. तोवर ६ कोटी २० लाख लिटर पाणी आले होते. तहानलेल्या शहराला बिल का, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली आणि ती रास्तच होती. आपल्याला इथे त्या बिलातला दर पाहायचा आहे.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, म्हणजे ६ कोटी २० लाख लिटर म्हणजे ६२ हजार टन. चार कोटींना ६२ हजारांनी भागले की टनामागे सुमारे ६४५ रुपये येतात. मिरज ते लातूर अंतर सुमारे ३४२ किलोमीटर. म्हणजे एक टन माल एक किलोमीटर नेण्याचे भाडे झाले १ रुपया ९० पैशांच्या आसपास. रेल्वेच्या मालवाहतुकीचे दर साधारण याच घरात असतात. ट्रकचा दर डिझेल, हंगाम आणि परतीचा माल यांवर बदलतो, पण तो याहून बराच जास्त असतो. पुढच्या हिशेबासाठी आपण तो टनाला किलोमीटरमागे तीन रुपये धरू.

त्या पाणीगाडीतली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रूळ आणि वाघिणी होत्याच. खरी धावपळ झाली ती दोन टोकांना. मिरजेत नदीचे पाणी गाडीपर्यंत आणण्यासाठी, लातुरात ते उतरवून शुद्धीकरण केंद्रापर्यंत नेण्यासाठी घाईने सोय उभी करावी लागली. मालवाहतुकीचे सगळे दुखणे या दोन टोकांतच आहे.

३. रेक म्हणजे किती?

मालगाडीच्या पूर्ण संचाला रेक म्हणतात. पोत्यांचा माल नेणाऱ्या बंद वाघिणींचा एक रेक साधारण अडीच ते तीन हजार टन माल घेतो. सोयीसाठी २,७०० टन धरू. म्हणजे २७ हजार क्विंटल. ट्रकमध्ये २५-२७ टन माल बसतो, तेव्हा एका रेकचा माल न्यायला शंभर ट्रक लागतील.

आता लातूरच्या डाळ मिलवाल्याच्या जागी बसून पाहा. डाळीचा भाव किलोला शंभर रुपये धरला, तर रेकभर डाळ म्हणजे २७ कोटींचा माल. एवढी डाळ एका गावी, एका दिवशी पाठवायची, तर तेवढे भांडवल वाटेत अडकते. बारा टक्के व्याजाने रोजचे व्याजच ८८ हजारांवर जाते. शिवाय गिऱ्हाईक असते २५ टनांचे. आज सेलमला एक गाडी, उद्या मदुराईला एक, परवा भाव वाढला म्हणून माल रोखून धरायचा. लग्नाच्या वऱ्हाडासाठी आख्खी बस ठरवली की माणशी भाडे कमी पडते, पण ज्याला एकट्यालाच जायचे आहे त्याला त्या बसचा काय उपयोग? डाळ मिलवाला असा एकटा प्रवासी आहे.

रेल्वेने यावर छोट्या रेकची सोय केली आहे. सुमारे वीस वाघिणींचा मिनी रेक घेता येतो, दोन ठिकाणी माल भरता किंवा उतरवता येतो. हा उपाय चांगला आहे. तरी मिनी रेकसुद्धा हजार-बाराशे टनांचा होतो, आणि तो एकट्या व्यापाऱ्याच्या आवाक्यात क्वचितच येतो.

रेक बाजाराच्या मानाने मात्र मोठा नाही. सोयाबीनच्या हंगामात लातूरच्या बाजार समितीत रोज हजारो क्विंटलची आवक असते. सगळ्यांचा माल एकत्र केला, तर रेक भरणे अवघड नाही. अडचण एवढीच की तो एकत्र करणारा कोणी नाही. जळगाव जिल्ह्यात सावदा आणि रावेरहून केळी कित्येक वर्षे रेल्वेने दिल्लीला गेली, ती बागायतदारांनी एकत्र येऊन वाघिणी भरल्या म्हणून. अर्धापूरच्या केळीला तसे एकत्र भरणारे हात मिळाले नाहीत.

४. दोन टोकांचा खर्च

ट्रक मिलच्या दारात भरतो आणि गिऱ्हाइकाच्या दारात रिकामा होतो. रेल्वेचे तसे नाही. मिलमधून ट्रकने मालधक्क्यावर, ट्रकमधून वाघिणीत, पलीकडच्या गावी वाघिणीतून पुन्हा ट्रकमध्ये आणि मग गोदामात. एक पोते जादा दोनदा उचलावे लागते आणि जादा दोन छोट्या खेपा पडतात.

आकडे समजा असे धरू. दोन्ही टोकांच्या छोट्या ट्रक खेपांचे टनामागे तीनशे-तीनशे, म्हणजे सहाशे रुपये. दोनदा जादा हमाली दीडशे-दीडशे, म्हणजे तीनशे. एकूण नऊशे रुपये.

हजार किलोमीटरवर ट्रकने टनाला तीन हजार रुपये पडतील. रेल्वेने १,९०० अधिक ९००, म्हणजे २,८००. वाचले अवघे दोनशे. चारशे किलोमीटरवर ट्रकचे १,२०० आणि रेल्वेचे ७६० अधिक ९००, म्हणजे १,६६०. इथे रेल्वे सरळ महाग पडते. या हिशेबाने रेल्वे परवडू लागते ती सुमारे ८२० किलोमीटरपुढे.

वर वेळेचा प्रश्न आहेच. देशातल्या मालगाडीचा सरासरी वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास आहे. एकेरी मार्गावर प्रवासी गाड्यांना वाट देत मालगाडी स्टेशनात थांबून राहते. ट्रकवाला फोनवर सांगतो, परवा सकाळी पोचतो. रेल्वे असे सांगू शकत नाही. मालासाठीचे खास समर्पित मार्ग उभे राहिले, पण ते मराठवाड्यातून जात नाहीत.

या भागाला इतिहासानेही ट्रककडे ढकलले. लातूरची जुनी गाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी नॅरोगेज. ती १९११ मध्ये लातूरपर्यंत आली. बाहेर जाणारा माल कुर्डुवाडीला उतरवून मोठ्या गाडीत भरावा लागे. नांदेडकडे १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड मीटरगेज आली, तिथला माल मनमाडला बदलावा लागे. नांदेडचा मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला, लातूर-कुर्डुवाडी तर २००७-०८ मध्ये. तोपर्यंत दोन पिढ्यांच्या व्यापाऱ्यांचे ट्रान्सपोर्टवाल्यांशी नाते पक्के झाले होते. उधारी, परतीचा माल, बिल्टी, सगळी घडी तिथे बसली होती. नुसते रूळ बदलल्याने ती मोडत नाही.

५. खताचा रेक

रेल्वेने माल यावा म्हणून सरकार पैसे मोजते, याचे रोजचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे, फक्त त्याला आपण त्या नावाने ओळखत नाही. जूनमध्ये पेरणी तोंडावर आली की गावोगावी एकच चौकशी सुरू होते, खताचा रेक लागला का? युरियाची ४५ किलोची गोणी देशभर २६६ रुपये ५० पैशांना मिळते. कारखाना गुजरातेत असो की बंदरावर परदेशी माल उतरलेला असो, लातूरच्या शेतकऱ्याला वाहतुकीचा वेगळा भुर्दंड पडत नाही. रेल्वेचे भाडे केंद्र सरकार कंपनीला भरून देते. २००८ पासून यासाठी एकसमान वाहतूक धोरण आहे. म्हणूनच खताची लांबची वाहतूक बहुतांश रेल्वेने होते.

रेक लागल्यावर मालधक्क्यावर काय चालते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. २,७०० टन म्हणजे ४५ किलोच्या साठ हजार गोण्या. वाघिणीचे सील तोडून दार सरकवले की हमालांच्या टोळ्या आत शिरतात. एक जण थप्पीवरून गोणी ओढून पाठीवर देतो, दुसरा ती घेऊन फळीवरून ट्रकमध्ये उतरतो. वाघीण रिकामी करायला ठरावीक तास मिळतात. त्यापुढे तासाला, वाघिणीमागे डेमरेज, म्हणजे विलंब शुल्क, लागते. धक्क्यावर माल पडून राहिला तर व्हार्फेज वेगळे. म्हणून रात्रीही काम थांबत नाही. पाऊस आला की ताडपत्र्यांची धावाधाव होते, कारण धक्क्यावर पुरेशी शेड नसते. फाटलेल्या गोण्यांतले दाणे झाडून वेगळे भरले जातात. ट्रक वेळेवर आले नाहीत, तर सगळा हिशेब कोलमडतो. हे कष्टाचे काम आजही बहुतेक ठिकाणी माणसाच्या पाठीवरच चालते. पट्टा, पॅलेट किंवा फोर्कलिफ्ट यांतले काही नसते.

आणि मग रिकामा झालेला रेक अनेकदा रिकामाच निघून जातो. रब्बीचे खत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उतरते, तेव्हाच बाजारात सोयाबीनचे ढीग लागलेले असतात. म्हणजे ज्या काळात वाघिणी दारात असतात, त्याच काळात शंभर-शंभर ट्रक माल बाहेर जातो. खताच्या वाघिणीत खाण्याचा माल भरायचा तर ती नीट धुऊन-झाडून घ्यावी लागते, आणि भरायला माल धक्क्याशेजारीच तयार असावा लागतो. ही दोन कामे करणारी व्यवस्था उभी नाही. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त सलते ते हेच. भाड्यासाठी सरकारने पैसे मोजले, रेक आला, आणि आपण तो रिकामा परत पाठवला.

६. किसान रेलने काय शिकवले

७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला पहिली किसान रेल सुटली. त्याच वर्षी २८ डिसेंबरला शंभरावी गाडी सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला गेली. नांदेड विभागात जानेवारी २०२१ मध्ये नगरसोलहून गुवाहाटीकडे कांद्याची गाडी सुरू झाली. नगरसोल नाशिक जिल्ह्यात असले, तरी रेल्वेच्या दृष्टीने ते नांदेड विभागात येते.

योजनेत दोन गोष्टी होत्या. फळे आणि भाजीपाल्याच्या भाड्यात ५० टक्के अनुदान मिळे. ते अन्नप्रक्रिया मंत्रालयाच्या ऑपरेशन ग्रीन्स योजनेतून थेट रेल्वेला जाई, त्यामुळे शेतकरी बुकिंगच्या वेळीच अर्धे पैसे भरी. दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते : किमान मालाची अट नव्हती. पन्नास-शंभर किलोही पाठवता येत. वर सांगितलेली रेकची अडचण इथे रेल्वेने स्वतःच्या अंगावर घेतली. ईशान्येकडच्या बाजारांत ट्रकने जायला बरेच दिवस लागतात, तिथे नाशिकचा कांदा आणि सांगोल्याचे डाळिंब पोचले. देशभर या गाड्यांच्या दोन हजारांहून अधिक फेऱ्या झाल्या.

अनुदानाचा ओघ आटला तशा २०२२ नंतर गाड्याही विरळ झाल्या. जिथून गाडी सुटत होती, तिथे मागे काय उरले, हे पाहावे. शीतगृह उरले का? पॅकिंगची शेड उरली का? माल गोळा करणारी संस्था उभी राहिली का? बहुतेक ठिकाणी उत्तर नाही असेच आहे. पैसा भाड्यात गेला आणि भाडे तर गाडीबरोबर निघून जाते.

७. अर्धे भाडे की अर्धा धक्का?

आता चौथ्या भागातला हिशेब पुन्हा हाती घेऊ. सरकारने रेल्वेचे भाडे अर्धे केले, तर दर १ रुपया ९० पैशांवरून ९५ पैशांवर येईल. दोन टोकांचे नऊशे रुपये तसेच राहतील. मग रेल्वे परवडू लागण्याचे अंतर ८२० वरून सुमारे ४४० किलोमीटरवर येते.

दुसरा मार्ग असा : भाड्याला हात लावायचा नाही, दोन टोकांचा खर्च अर्धा करायचा, नऊशेचे साडेचारशे. मग ते अंतर येते सुमारे ४१० किलोमीटरवर. म्हणजे परिणाम जवळजवळ तोच, किंचित सरसच.

फरक आहे तो पैशांत. अर्ध्या भाड्याचे अनुदान हजार किलोमीटरला टनामागे ९५० रुपये होते. एका रेकला २५ लाख ६५ हजार, आणि ते प्रत्येक रेकला, दर वर्षी, कायमचे. टोकांचा खर्च कमी करायला रुळाला लागून गोदाम हवे, शेड हवी, चढउताराची यंत्रे हवीत, चोवीस तास दिवे आणि ट्रकसाठी पक्का रस्ता हवा. यासाठी मोठी रक्कम लागते, देखभालही लागते, पण मुख्य खर्च एकदाच होतो आणि त्याचा लाभ तूरडाळीपासून खतापर्यंत सगळ्या मालाला मिळतो. वर हमालांच्या पाठीवरचा भारही हलका होतो, मात्र यंत्र आले की त्यांच्या रोजगाराची हमी त्याच योजनेत लिहिलेली असली पाहिजे.

सरकारने या दिशेने पावले टाकली आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये गतिशक्ती मल्टी-मोडल कार्गो टर्मिनलचे धोरण आले. जालन्याजवळ दरेगावच्या ड्रायपोर्टचे भूमिपूजन डिसेंबर २०१५ मध्येच झाले होते. लातूर आणि नांदेडच्या बाजारपेठांना अशा सोयीची तेवढीच गरज आहे.

८. मुळात सरकारने पैसे का घालावेत?

हा आक्षेप रास्त आहे. व्यापाऱ्याच्या वाहतुकीसाठी करदात्याने का मोजावे?

पहिले उत्तर रस्त्याचे आहे. ट्रकच्या आसावरचे वजन दुप्पट झाले, तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, ती साधारण सोळा पट होते. ओव्हरलोड ट्रक रस्ता किती लवकर उखडतो, हे त्यावरून कळते. ही झीज, धूर, अपघात यांची किंमत ट्रकच्या भाड्यात पुरती येत नाही, ती सगळे मिळून भरतात. तुळजापूर-लातूर-नांदेड-यवतमाळ-वर्धा असा राष्ट्रीय महामार्ग ३६१ रुंद झाला, त्याला सार्वजनिक पैसा लागला. तो लागायलाच हवा होता. पण रस्त्यावरच्या खर्चाला आपण विकास म्हणतो आणि मालधक्क्यावरच्या खर्चाला अनुदान, हा भेद मला मान्य नाही.

दुसरे उत्तर रेल्वेच्या वहीत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितले की प्रवासासाठी शंभर रुपये खर्च येतो, तेव्हा प्रवाशाकडून ५४ रुपये घेतले जातात. प्रवाशांना मिळणारी ही सवलत तेव्हा वर्षाला ५६,९९३ कोटी रुपयांची होती. तूट भरून काढण्यात मालवाहतुकीच्या कमाईचा मोठा हात असतो. म्हणजे कोळसा, सिमेंट, धान्य यांचे भाडे प्रवासी तिकिटाचा भार वाहते. गरिबाचे तिकीट स्वस्त राहिलेच पाहिजे. पण त्याची किंमत मालगाडीकडून वसूल केली, की माल ट्रककडे पळतो आणि वसूल करायला मालच उरत नाही. तिकिटाची सवलत सरळ सरकारी तिजोरीतून द्यावी आणि मालाचा दर त्या ओझ्यातून मोकळा करावा.

९. बाहेरचा अनुभव

ब्रिटनमध्ये जिथे रेल्वे ट्रकपेक्षा महाग पडते पण ट्रक कमी झाल्याने समाजाचा फायदा होतो, तिथेच मालवाहतुकीला मदत देण्याची योजना राबवली गेली. किती ट्रक रस्त्यावरून हटले, यावर ती रक्कम ठरे. स्वित्झर्लंडने २००१ पासून अवजड ट्रकवर वजन आणि अंतरानुसार कर लावला आणि त्यातला मोठा हिस्सा रेल्वेकडे वळवला. युरोपीय संघाने माल रस्त्यावरून हटवण्यासाठी मार्को पोलो नावाची योजना २००३ ते २०१३ पर्यंत चालवली. २०१३ मध्ये संघाच्याच लेखापरीक्षकांनी ती परिणामकारक ठरली नाही असा निष्कर्ष काढला. एक कारण असे निघाले की काही प्रकल्प अनुदान नसतानाही झाले असते. आपल्याकडे भाड्याची सरसकट सवलत जाहीर करण्यापूर्वी हा अहवाल वाचायला हवा. परळीच्या वीज केंद्राचा कोळसा रेल्वेनेच येणार आहे. त्याच्या भाड्यात सवलत दिली, तर रस्त्यावरचा एकही ट्रक कमी होणार नाही.

१०. अर्धापूरला धक्का हवा, तो आत्ताच

वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा नवा मार्ग बांधला जात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा-कळंब टप्पा सुरू झाला. या मार्गाच्या खर्चात राज्य सरकारचा ४० टक्के वाटा आहे, म्हणजे तो आपला पैसा आहे. मार्ग पुसद, उमरखेड, हदगाव, अर्धापूर या कापूस, हळद आणि केळीच्या पट्ट्यातून नांदेडला येतो.

प्रवासी गाडी कुठे थांबणार, यावर निवेदने निघतात आणि बातम्या छापून येतात. मालधक्का कुठे होणार, हे विचारायला फारसे कोणी जात नाही. एकदा फलाट, रस्ते आणि घरे उभी राहिली की धक्क्याला जागा मिळत नाही, मिळाली तर गावाबाहेर, पाण्यात आणि चिखलात मिळते. म्हणून बाजार समित्यांनी, शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आणि केळी-हळदीच्या व्यापाऱ्यांनी अर्धापूर आणि हदगावसाठी शेड, शीतगृह आणि छोट्या रेकपुरती लूपलाइन यांची लेखी मागणी आत्ताच करावी. वर्षात कोणत्या महिन्यात किती टन माल कुठे जातो, याचा आकडा त्या अर्जासोबत जोडावा. रेल्वेच्या अधिकाऱ्यापुढे तोच आकडा सर्वांत मोठा पुरावा ठरतो आणि तो बाजार समितीच्या दप्तरात आधीपासून आहे.